गेम गेला, ड्रायव्हर राहिला: कॉपी-प्रोटेक्शनचे चिवट अवशेष कसे काढायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरला महालातल्या एका घरी विंडोज ७ सोबत घेतलेला आणि पुढे विंडोज १० वर आणलेला ६४ बिटचा डेस्कटॉप आहे. मुलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी त्यावर डीव्हीडीवरचे गेम टाकले होते. वडील त्याच मशीनवर डोंगल (लायसन्सची खात्री पटवणारी, मशीनला लावायची छोटी चावी) लावून हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवत. दोन्ही केव्हाच अनइन्स्टॉल झाले. तरीही 'मेमरी इंटिग्रिटी' (विंडोजच्या गाभ्यात धोक्याचा कोड शिरू न देणारी सोय) चालू होत नाही, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, एक की काही केल्या डिलीट होत नाही, आणि ओळखीच्या कुणीतरी ड्रायव्हर फोल्डरमधल्या दोन फाइली उडवल्यापासून डीव्हीडी ड्राइव्ह गायब आहे. बर्डीवरच्या दुकानात दाखवल्यावर 'फॉरमॅट मारावा लागेल' असे उत्तर मिळाले. खरेच मारावा लागेल का?

नाही. तिन्ही तक्रारी फॉरमॅटशिवाय सुटतात. शिवाय फॉरमॅट मारल्यावर डोंगलच्या सॉफ्टवेअरचा नवा संच टाकण्याऐवजी जुनीच सीडी पुन्हा चढवली, तर मेमरी इंटिग्रिटीची तक्रार पहिल्याच दिवशी परत येते. फक्त क्रम पाळायला हवा: आधी लायसन्स सोडवायचे, मग कंपनीचे स्वतःचे काढण्याचे साधन चालवायचे, मग उरलेली नोंद बंद करायची, रीस्टार्ट करायचे, आणि फाइलीला हात सगळ्यात शेवटी लावायचा. तुमच्याकडे हा क्रम उलटा झाला, म्हणून ड्राइव्ह गेला.

फाइलींची नावे पुढे अक्षरांच्या उच्चाराने लिहिली आहेत. मशीनवर ती इंग्रजी लिपीत दिसतील.

गेम काढला तरी हे का राहते, ते आधी समजून घ्या. डिस्क खरी आहे की कॉपी, हे तपासणारी जुनी सॉफ्टवेअर गेमच्या फोल्डरमध्ये राहत नसत. ती स्वतःचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसवत, कारण डिस्कचे सेक्टर थेट वाचायला आणि डीबगर (प्रोग्राम आतून उघडून पाहणारे साधन) ओळखायला तेवढी सत्ता लागते. एकच ड्रायव्हर चार गेम वापरू शकतात, म्हणून एक गेम काढताना अनइन्स्टॉलर त्याला हात लावत नाही. ॲक्टिव्हेशनचा हिशेब ठेवणाऱ्या फाइली तर मुद्दामच मागे ठेवल्या जात, म्हणजे ट्रायल संपल्यावर काढून पुन्हा टाकून ती नव्याने सुरू करता येऊ नये. तुमच्या मशीनवर जे उरले आहे ते व्हायरस नाही. पण जुना, कुणी दुरुस्त न करणारा आणि विंडोजच्या गाभ्यात चालणारा कोड धोक्याचाच असतो. सेफडिस्क या अशाच एका कॉपी-प्रोटेक्शनचा ड्रायव्हर एस-ई-सी-डी-आर-व्ही विंडोजसोबतच यायचा. त्यातली फट २००७ मध्ये उघड झाली: साध्या यूजरला तिच्यातून ॲडमिनची सत्ता मिळवता येत होती. मायक्रोसॉफ्टने ती बुजवली, पुढे सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने व्हिस्टा ते ८.१ वर हा ड्रायव्हर बंदच केला, आणि विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही.

आता तयारी. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. 'प्रोटेक्शन' रकान्यात सी ड्राइव्हसमोर बहुधा 'ऑफ' दिसेल. ते 'ऑन' करा, पाचेक टक्के जागा द्या आणि पॉइंट बनवा. रजिस्ट्रीतली जी की बदलणार, ती आधी 'रेजएडिट' या विंडोजच्या रजिस्ट्री उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये राइट क्लिक करून 'एक्सपोर्ट' करून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर उन्हाळ्याच्या दुपारी हे काम काढू नका. ऐन वेळी लाइन गेली आणि ड्रायव्हरची नोंद अर्धी राहिली तर दुप्पट काम होते. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर हेच करत असाल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून घ्या, कारण रिकव्हरीत शिरताना ती मागितली जाऊ शकते.

लायसन्स सोडवणे ही पायरी बहुतेक लोक गाळतात. २००७-०८ च्या काळातल्या अनेक गेमना मोजकीच ॲक्टिव्हेशन्स होती. 'बायोशॉक'ला सुरुवातीला दोन होती आणि ओरड झाल्यावर पाच झाली; 'स्पोर'ला तीनची पाच झाली. गेम पुन्हा कधी खेळायचा असेल आणि त्याचे 'रिव्होक' किंवा 'डीॲक्टिव्हेट' साधन अजून चालत असेल, तर ते आधी वापरा. हिशेबाच्या, डिझाइनच्या किंवा डीटीपीच्या सॉफ्टवेअरबाबत तर हे अधिकच महत्त्वाचे. लायसन्स मशीनशी बांधलेले असेल आणि ते परत न करता फाइली पुसल्या, तर विक्रेत्यापुढे हात जोडण्यावाचून मार्ग उरत नाही.

मग ओळख पटवा. विंडोज ७ पर्यंत डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' केल्यावर 'नॉन-प्लग अँड प्ले ड्रायव्हर्स' असा गट दिसायचा आणि जुने सगळे सल्ले तिथेच पाठवतात. विंडोज ८ पासून तो गट दिसतच नाही, त्यामुळे शोधत बसू नका. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले 'ऑटोरन्स' मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या आणि ॲडमिन म्हणून चालवा. 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' चालू करा. मग 'ड्रायव्हर्स', 'सर्व्हिसेस' आणि 'एक्सप्लोरर' हे तीन रकाने वाचा. पिवळी ओळ आणि 'फाइल नॉट फाउंड' दिसले तर फाइल गेली आहे पण नोंद उरली आहे. तुमच्याकडे अशा एक-दोन ओळी नक्की सापडतील.

टाजेस, स्टारफोर्स आणि सेक्युरॉम ही गेमची कॉपी-प्रोटेक्शन्स. ए-टी-के-एस-जी-टी आणि एल-आय-आर-एस-जी-टी ही जोडी दिसली तर ते टाजेस. एस-एफ ने सुरू होणारी नावे, म्हणजे एस-एफ-डी-आर-व्ही-०१, एस-एफ-एच-एल-पी-०२, एस-एफ-सिंक, एस-एफ-व्ही-एफ-एस-०२, ही स्टारफोर्सची. त्याच्या जुन्या आवृत्तीत प्रो-डी-आर-व्ही, प्रो-एच-एल-पी अशी नावे असत. सर्व्हिसेसमध्ये यू-ए-सर्व्हिस-७ किंवा एक्सप्लोररमध्ये 'कमांडलाइन एक्स्टेन्शन' धाटणीचे सी-एम-डी-लाइन-ई-एक्स-टी दिसले तर ते सेक्युरॉम. हार्डलॉक, ए-के-एस-फ्रिज आणि एच-ए-एस-पी-एल-एम-एस ही डोंगलवाली मंडळी: पूर्वीचे ॲलाडिन हास्प, आताचे सेंटिनेल.

मेमरी इंटिग्रिटीपासून सुरुवात करू. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, 'कोअर आयसोलेशन डिटेल्स' असे जाऊन 'रिव्ह्यू इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स'वर क्लिक करा. तिथे फाइलचे नाव आणि काहींसमोर 'पब्लिश्ड नेम' म्हणून ओ-ई-एम आणि एक आकडा दिसतो. ते नाव लिहून घ्या. डोंगल असलेल्या घरांत या यादीत हार्डलॉक किंवा त्याची भावंडे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

डोंगल पुन्हा कधीच लागणार नसेल तर ते आधी उपसा. सेंटिनेलच्या सध्याच्या मालकाच्या, म्हणजे थेल्सच्या साइटवरून रनटाइमचा, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कमांड लाइनवाला ताजा संच घ्या. त्यातली एच-ए-एस-पी-डी-इन्स्ट ही फाइल ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून 'वजा पर्ज' हा शब्द जोडून चालवा. वर्षानुवर्षांच्या आवृत्त्या ती एकदम झाडून काढते. जुन्या सीडीवरच्या संचाने हे करू नका. तो आपल्यापेक्षा नव्या आवृत्तीला हात लावत नाही किंवा अर्धवट काढतो. 'फाइल वापरात आहे' असे आले तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन सेंटिनेलची लायसन्स मॅनेजर सर्व्हिस थांबवा आणि पुन्हा चालवा. काम झाले का ते तपासायची सोपी खूण आहे: ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, १९४७ टाका. सर्व्हिस जिवंत असेल तर सेंटिनेलचे पान उघडते, गेली असेल तर काहीच उघडत नाही.

डोंगल अजून लागत असेल, वडिलांची जुनी खाती वर्षातून एकदा उघडावी लागत असतील, तर काढू नका. फक्त रनटाइम नवा टाका. नव्या आवृत्त्या मेमरी इंटिग्रिटीसोबत चालतात. याच एका बदलाने तुमची पहिली तक्रार सुटण्याची चांगली शक्यता आहे.

टाजेस आणि स्टारफोर्स या दोघांचीही स्वतःची काढण्याची साधने आहेत: टाजेसच्या ड्रायव्हर सेटअपमध्येच 'अनइन्स्टॉल' आहे, आणि स्टारफोर्सचे एस-एफ-डी-आर-व्ही-रेम नावाचे. ती मूळ कंपनीची किंवा गेमच्या प्रकाशकाचीच असल्याची खात्री करा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' रकाना पाहा. 'अमुक रिमूव्हर फ्री' म्हणून जे शेकडो दुवे मिळतात त्यांतले बरेचसे स्वतःच उपद्रवी असतात. साधन मिळाले नाही तर हाताने काढा, ते अवघड नाही.

ऑटोरन्समध्ये त्या ड्रायव्हरची टिक काढा. याने नोंद पुसली जात नाही, ड्रायव्हर फक्त 'डिसेबल्ड' होतो. टिक परत दिली की पूर्ववत. रीस्टार्ट करा. एक-दोन दिवस मशीन नेहमीसारखे वापरा: साउंड, प्रिंटर, डीव्हीडी, सगळे. काही बिघडले नाही तर मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून 'एस-सी डिलीट' आणि ड्रायव्हरचे नाव द्या. इथे दोन ठेचा हमखास लागतात. पॉवरशेलमध्ये नुसते एस-सी लिहिले तर ती वेगळीच आज्ञा ठरते: फाइलीत मजकूर लिहिण्याची. एरर येत नाही, कामही होत नाही, आणि 'डिलीट' नावाची एक फाइल मात्र तयार होते. म्हणून साधा कमांड प्रॉम्प्टच वापरा, किंवा एस-सी-डॉट-ई-एक्स-ई असे पूर्ण लिहा. दुसरी ठेच 'एस-सी कॉन्फिग'ने डिसेबल करताना: 'स्टार्ट' या शब्दाला बरोबरचे चिन्ह चिकटून हवे आणि चिन्हानंतर एक मोकळी जागा हवी. ती जागा सुटली की आज्ञा नाकारली जाते आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो.

ज्या ड्रायव्हरला 'पब्लिश्ड नेम' होते, त्याची एक प्रत विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्येही असते आणि मेमरी इंटिग्रिटी तीही मोजते. ती काढायला पी-एन-पी-युटिल वापरा: 'स्लॅश डिलीट-ड्रायव्हर', मग ओ-ई-एम आकड्याचे नाव, मग 'स्लॅश अनइन्स्टॉल'. आकडा दोनदा तपासा. शेजारच्या आकड्यावर तुमचे वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्ड असू शकते. 'फोर्स' लावू नका. ड्रायव्हर वापरात आहे म्हणून नकार मिळत असेल तर आधी तो कोण वापरतो ते शोधा. त्यानंतर सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात जाऊन फाइलचे फक्त नाव बदला, शेवटी 'ओल्ड' जोडा. आठवडाभराने पुसा.

आता डीव्हीडी ड्राइव्ह. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळे चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसत असेल, तर ड्राइव्ह मेलेला नाही. विंडोज प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठी 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' अशा दोन याद्या ठेवते. यादीतला प्रत्येक ड्रायव्हर लोड झाला तरच उपकरण सुरू होते. यादीत नाव आहे आणि फाइल नाही, म्हणजे ड्राइव्ह बंद. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींनी २००५ मध्ये लोकांच्या मशीनमध्ये गुपचूप टाकलेल्या एक्ससीपी या कॉपी-प्रोटेक्शनचे अगदी हेच झाले होते. त्याचा 'क्रेटर' नावाचा ड्रायव्हर सीडी ड्राइव्हच्या फिल्टरमध्ये बसलेला असे, आणि फाइल हाताने उडवली की ड्राइव्हच दिसेनासा होई. विंडोजचे तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ ला तो प्रकार उघड केला. कंपनीने घाईने दिलेल्या अनइन्स्टॉलरमध्येही सुरक्षेची मोठी फट निघाली, आणि शेवटी त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

उपाय असा. रेजएडिट उघडा. लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असे आत जा. ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की निवडा. उजवीकडे क्लासचे नाव 'सीडीरॉम' दिसलेच पाहिजे. नसेल तर थांबा. की एक्सपोर्ट करा. मग 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' उघडून आतल्या ओळी वाचा. प्रत्येक ओळ म्हणजे एका ड्रायव्हरचे नाव. ज्याची फाइल ड्रायव्हर्स फोल्डरात नाही तेवढीच ओळ काढा. 'दोन्ही व्हॅल्यू सरळ डिलीट करा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने ड्राइव्ह परत येतो हे खरे, पण आयट्यून्स किंवा डिस्क बर्न करणाऱ्या सॉफ्टवेअरचा चांगला फिल्टरही जातो आणि मग त्यांची तक्रार सुरू होते. रीस्टार्टनंतर ड्राइव्ह दिसायला हवा.

जवळच ४डी३६ई९६७ ने सुरू होणारा तसाच आकडा आहे. तो हार्ड डिस्कचा. तिथल्या अपर फिल्टर्समध्ये पार्ट-एम-जी-आर असते आणि ते विंडोजचे स्वतःचे आहे. ते पुसले तर पुढच्या वेळी निळा स्क्रीन आणि ०x७बी हा कोड, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही.

तसे झालेच तर तेही दुरुस्त होते. सुरू होताना सलग दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद केले की विंडोज रिकव्हरीत जाते. तिथून कमांड प्रॉम्प्ट, तिथून रेजएडिट. आता जे दिसते ती रिकव्हरीची स्वतःची रजिस्ट्री आहे, तुमची नाही. लोकल मशीनवर उभे राहून 'लोड हाइव्ह' (रजिस्ट्रीची फाइल बाहेरून उघडणे) करा, विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरातली 'सिस्टम' फाइल निवडा आणि काहीही तात्पुरते नाव द्या. ड्राइव्हचे अक्षर सी ऐवजी डी असू शकते. या हाइव्हमध्ये 'करंट कंट्रोल सेट' नसतो. 'सिलेक्ट' या कीमधला 'करंट'चा आकडा पाहून ००१ किंवा जो असेल तो संच उघडायचा. ओळ परत टाका, 'अनलोड हाइव्ह' करा, रीस्टार्ट करा.

राहिली डिलीट न होणारी की. करंट यूजर, सॉफ्टवेअर, सेक्युरॉम अशा जागी 'ही कधीही बदलू किंवा पुसू नका' या अर्थाचे इंग्रजी नाव दिसत असेल तर ती सेक्युरॉमची. परवानगीचा इथे काहीच प्रश्न नसतो, त्यामुळे ओनरशिप घेऊन उपयोग होत नाही. विंडोजचा गाभा नाव किती अक्षरांचे आहे ते मोजून ठेवतो, तर रेजएडिटसारखे वरचे प्रोग्राम शून्य अक्षर आले की नाव संपले असे मानतात. सेक्युरॉमने नावातच शून्य अक्षर घातले आहे. रेजएडिट अर्धे नाव घेऊन शोधते आणि 'अशी की नाही' म्हणून परत येते. सिसइंटर्नल्सचे रेज-डेल-नल नेमके यासाठीच आहे: त्याला सेक्युरॉमचा मार्ग द्या, 'वजा एस' जोडा म्हणजे ते आतल्या सगळ्या कींमध्ये शोधेल, आणि विचारल्यावर होकार द्या. मग ॲप डेटा, रोमिंगमधले सेक्युरॉम फोल्डर पुसा. घरात वेगवेगळे यूजर अकाउंट असतील तर प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये जाऊन हे करावे लागेल, कारण की आणि फोल्डर दोन्ही यूजरगणिक असतात. आणि सेक्युरॉमचा दुसरा एखादा गेम अजून वापरात असेल तर त्याचे ॲक्टिव्हेशनही याने जाते, हे आधीच लक्षात घ्या.

याच मशीनवर लिनक्सही टाकलेले असेल तर आणखी एक गोष्ट. काही महागड्या सॉफ्टवेअरमधले लायसन्स तपासणारे फ्लेक्सनेट डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या मोकळ्या सेक्टरमध्ये आपली खूण लिहायचे, आणि जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर लिनक्स सुरू करणारा ग्रबही तिथेच राहतो. एकाने लिहिले की दुसऱ्याचे बिघडते. विंडोज ७ च्या काळातली तुमची डिस्क एमबीआर असण्याची शक्यता आहे, म्हणून लायसन्स सर्व्हिस काढल्यानंतर ग्रब पुन्हा बसवा. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर हा प्रश्न येत नाही.

सगळे झाल्यावर मेमरी इंटिग्रिटीच्या पानावर 'स्कॅन अगेन' करा, यादी रिकामी आली की बटण चालू करून रीस्टार्ट करा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असल्याने या मशीनवर ते चालू असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे आहे.

कायद्याबद्दल शंका येते म्हणून: आपल्या मशीनवरचा उरलेला ड्रायव्हर काढणे म्हणजे क्रॅक करणे नव्हे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याबद्दल आहे. वर सांगितलेल्या कामात संरक्षण तोडून काही चालवायचे नाही, फक्त ते घराबाहेर काढायचे आहे.

आणि ते जुने गेम मुलांना पुन्हा खेळायचे असतील तर सेफडिस्कचे आणि जुन्या सेक्युरॉमचे गेम विंडोज १० वर मूळ डिस्कने चालणार नाहीत. त्यासाठी एस-ई-सी-डी-आर-व्ही कुठून तरी आणून, विंडोज 'टेस्ट मोड'मध्ये टाकून बसवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. तसे केले की सहीशिवायच्या कुठल्याही ड्रायव्हरला दार उघडे राहते; ज्या मशीनवर बँकेचे काम होते तिथे हे करूच नये. प्रकाशकाने डिस्कची तपासणी काढणारा पॅच दिला आहे का ते पाहा, किंवा जीओजीसारख्या गेम विकणाऱ्या साइटवर तोच गेम संरक्षणाशिवाय मिळतो का ते शोधा. जुने बरेच गेम तिथे आहेत. तेही नसेल तर विंडोज एक्सपीचा एखादा जुना डबा नेटशिवाय ठेवा, लॅनची वायर काढून, आणि गेम तिथेच खेळा.